गाडीतली बुरशी पुसण्याआधी पाणी शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत पावसाळ्यात गाडी कशी सांभाळावी यावर घरगुती उपाय आले होते. बुरशीवर व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून लावा आणि डॅशबोर्डवर कापूर ठेवा, असं त्यात होतं. मी चिपळुणात गाड्यांच्या सीटचं काम करतो. कुशन, सीट कव्हर, छताचं कापड, कार्पेट हा माझा रोजचा धंदा. श्रावण लागला की कुबट वासाच्या गाड्या दारात येऊ लागतात, आणि बहुतेकांनी हे उपाय आधीच करून पाहिलेले असतात. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की फेस येतो खरा, पण दोघांचाही गुण एकमेकांत संपतो. वेगवेगळं वापरलं तर दोन्ही कामाची आहेत. कापरामुळे वास थोडा वेळ झाकला जातो, बाकी काही नाही.

बुरशी आधी दिसते ती स्टिअरिंगवर, गिअरच्या मुठीवर आणि सीट बेल्टवर. तिथे हाताचा घाम आणि तेलकटपणा मुरलेला असतो, तेच तिचं खाणं. लोक तेवढंच पुसतात. आठ दिवसांनी पांढरे ठिपके पुन्हा हजर. हवेत सत्तर टक्क्यांच्या वर दमटपणा असला की बुरशीचं फावतं, आणि आपल्या कोकणात आषाढ-श्रावणात तो त्याहून बराच जास्त असतो. त्यात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीच्या आतच कुठेतरी पाणी साठलेलं असेल, तर वरून कितीही पुसा, काय उपयोग?

परवाच मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाची गाडी उघडली. तक्रार एवढीच होती की मुलगी गाडीत बसली की शिंकत सुटते. वरून गाडी लख्ख, आत सुगंधी डब्या टांगलेल्या. ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोरची मॅट काढली, कार्पेटवर हात फिरवला, तर कोरडं. पण कार्पेटची कड उचलून खालच्या नमद्यावर, म्हणजे कार्पेटखालच्या जाड मऊ थरावर, तळहात दाबला आणि बोटांच्या फटींतून पाणी वर आलं. नमदा बाहेर काढला तर उचलवेना, इतका जड. खालची बाजू काळी-हिरवी. शेजारून गेलेल्या वायरींच्या जोडावर हिरवा गंज चढायला लागला होता. वर ब्लोअर लावला की ही सगळी हवा तोंडावर येत होती. दमेकऱ्याला आणि लहान मुलांना याचा त्रास होणारच. आणि औषधाने मेलेली बुरशीसुद्धा श्वासात गेली तर त्रास देते, म्हणून ती नुसती मारून भागत नाही, काढावी लागते.

पाणी आलं कुठून? त्या गाडीत एसीचा ड्रेन पाइप तुंबला होता. एसी चालू असताना कूलिंग कॉइलवर जे पाणी जमतं ते या बारीक नळीतून गाडीखाली पडायला हवं. पावसाळी हवेत एसी दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि गाडीखाली वाकून बघा. थेंब पडत नसतील आणि आतली मॅट ओली लागत असेल, तर ते पाणी आत उतरतंय असं समजा. दुसरी नेहमीची जागा वायपरखालची जाळी. आंब्याखाली, जांभळाखाली गाडी लावली की पानं तिथे कुजतात आणि पाण्याची वाट बंद होते. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतून खांबांच्या आतून नळ्या खाली येतात, त्याही तुंबतात. कोपऱ्यातल्या खाचेत थोडंसं पाणी सोडून पाहा, ते खाली चाकापाशी बाहेर पडलं पाहिजे. दरवाज्याच्या तळाशी भोकं असतात, तिथली माती काडीने काढावी. रबराची बीडिंग कुठे फाटली आहे का, तेही बघावं.

आणि त्या 7डी मॅट! गाडीच्या तळाला चिकटून बसणाऱ्या, रेक्झिनच्या, जाड. दिसायला झकास. पण खाली पाणी गेलं की वर यायला त्याला वाट नाही. नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक वर्षभर तसंच ठेवणारेही भेटतात, त्यांच्या फोममध्ये हाच प्रकार. रेक्झिनची कव्हरं मीच शिवतो, पोट त्यावर चालतं, तरी सांगतो, पावसाळ्यात जाड मॅट काढून घरी ठेवा आणि साधी रबरी मॅट वापरा. मॅटखाली रद्दी पेपर घालायची सवयही सोडा. ओला कागद म्हणजे बुरशीला आयतं जेवण.

ओल सापडली की पुढचं काम सोपं, फक्त वेळखाऊ. उघडीप बघून गाडी मोकळ्यावर घ्यावी, चारही दरवाजे उघडावे, तोंडाला चांगला मास्क लावावा. कोरड्या फडक्याने झटकू नये, सगळी भुकटी गाडीभर उडते. आधी व्हॅक्यूम, मग सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं, मग निम्मं पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर. ते आधी सीटच्या कोपऱ्यात लावून रंग जातो का ते पाहावं. बेल्टला ब्लीच अजिबात लावू नये, त्याची वीण कमजोर होते आणि अपघातात तोच आपल्याला धरून ठेवणार असतो. कार्पेट आणि नमदा बाहेर काढून वाळवावा, कुजला असेल तर टाकून नवा घालावा. गाडीत रात्रभर टेबल फॅन चालला तर उत्तम, पण शेगडी किंवा हॅलोजन आत ठेवू नये. सीट काढायची वेळ आली तर जाणत्या माणसाकडूनच काढून घ्या. सीटखाली पिवळे कनेक्टर असतात, ते एअरबॅगचे. ओल शोषणाऱ्या डब्या कपाटाला ठीक आहेत, पाण्यात बसलेल्या नमद्यापुढे त्यांचं काही चालत नाही. शेवटी एसीचा फिल्टर बदलून टाकावा.

वॉशिंग सेंटरवाल्या बंधूंनाही हात जोडून विनंती आहे. भर पावसात ‘आतून शॅम्पू’ करून गाडी ओलीच गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नका. वाळवायला जागा आणि दिवस नसेल तर ते काम गणपतीनंतर करू म्हणून सांगा. गिऱ्हाईक थांबतं, माझा अनुभव आहे.

एक गोष्ट चिपळूणकर म्हणून सांगतो. 22 जुलै 2021 च्या पुरात इथल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या. पाण्यातून निघालेली गाडी दुरुस्त होऊन विकायला येते तेव्हा आरसीवर त्याचा उल्लेख नसतो. तो असावा, अशी माझी परिवहन खात्याकडे मागणी आहे. तोपर्यंत जुनी गाडी घेताना सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आत चिखलाची रेघ असते. स्टेपनीखालच्या खाचेत चिखल आणि सीटच्या रुळाच्या बोल्टवर गंज आहे का, तेही बघा.

आता चाकरमानी निघतील. पाच-सात दिवस गाडी अंगणात झाडाखाली, विसर्जनाचे ओले कपडे डिकीत, आणि मुंबईला पोचल्यावर तळघरातल्या पार्किंगमध्ये पुढच्या रविवारपर्यंत बंद. घर यायच्या थोडं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवा, म्हणजे कॉइल कोरडी होते. पोचल्यावर मॅट काढून घरात न्या. जमल्यास हे पत्र गणपतीआधी छापावं, ही विनंती.

आपला,
एक कुशन कारागीर, चिपळूण