डब्लिनहून पत्र: आजोबांच्या पोथ्यांविषयी

डब्लिन,
रविवार, रात्री

तीर्थरूप बाबा व तीर्थरूप सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मी येथे खुशाल आहे. जेवणाखाणाचे व थंडीचे फोनवर रोजच बोलणे होते, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. इथे एकट्याने फिरणे धोक्याचे झाले आहे अशा बातम्या पाहून तुम्ही धास्तावलात, हे मला समजते. परंतु आज मी एकटी बाहेर पडले नव्हते. खोलीतली मैत्रीण सोबत होती, आम्ही वर्दळीच्या रस्त्यानेच गेलो आणि चारच्या सुमारास अंधारू लागते त्याच्या आत घरी परतलो. तेव्हा आईने रात्र रात्र जागू नये.

आज चेस्टर बीटी संग्रहालय पाहिले. ते डब्लिनच्या किल्ल्याच्या आवारात आहे. बाबा, १९२२ पर्यंत इंग्रजांचा इथला सगळा कारभार ज्या किल्ल्यातून चालत असे, तोच हा. ज्यांच्या संग्रहाचे व नावाचे हे संग्रहालय, ते बीटी मूळचे न्यूयॉर्कचे, जन्म १८७५ चा, व्यवसायाने खाण-अभियंते. तांब्याच्या खाणींत त्यांनी मोठी संपत्ती मिळवली, पण खाणींतल्या धुळीने त्यांची फुप्फुसे बिघडली. कोरड्या हवेसाठी १९१४ मध्ये ते इजिप्तला गेले आणि तिथे त्यांना अरबी हस्तलिखितांची ओढ लागली. १९५० मध्ये ते डब्लिनला राहायला आले, १९५७ मध्ये आयर्लंडने त्यांना आपले पहिले मानद नागरिक केले आणि १९६८ मध्ये निधन झाले तेव्हा त्यांनी हा संग्रह लोकांसाठी मागे ठेवला. किल्ल्याच्या आवारात तो २००० सालापासून आहे.

इथल्या लोकांची एक रीत मात्र मला कितीतरी वेळ उमगली नाही, ती सविस्तर सांगते. संग्रहालयाला तिकीट नाही. दाराशी देणगीची पेटी असते, तीत टाकावे वाटले तर टाकावे. तिकीट नसल्यामुळे माणसे आत येतात, एकाच काचपेटीसमोर दहा-पंधरा मिनिटे उभी राहतात आणि बाकी काहीही न पाहता निघून जातात. एक वृद्ध गृहस्थ ओला कोट हातावर घेऊन आले, एका पानापुढे वाकून उभे राहिले आणि तसेच परत गेले. आपण कुठे गेलो की पहिल्या दालनापासून शेवटच्या दालनापर्यंत सगळे पाहून मगच बाहेर पडतो, त्यामुळे मला प्रथम वाटले की त्यांना बरे वाटत नसावे. पहारा करणाऱ्या बाईंनी सांगितले की ते नेहमी येतात. आत उजेडही अगदी मंद असतो, कारण प्रकाशाने कागदाची आणि रंगांची होणारी हानी साठत जाते व कधीच भरून येत नाही. अशा वस्तूंवर साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचे माप) इतकाच उजेड ठेवतात आणि काही काळाने पाने बदलून जुन्यांना अंधारात विश्रांती देतात. म्हणून ज्याला पुढचे पान पाहायचे असते, तो पुन्हा येतो. ही रीत समजल्यावर मीही धावपळ थांबवली.

काय काय आहे ते सगळे लिहिणे शक्य नाही. बगदादच्या इब्न अल-बव्वाबने इ. स. १०००-०१ मध्ये कागदावर लिहिलेले कुराण याच संग्रहात आहे. २८६ पानांचा तो ग्रंथ हातात मावेल एवढाच आहे. जपानी ठसाचित्रे आहेत, जेड नावाच्या मौल्यवान दगडाच्या पाट्यांवर कोरलेली चिनी पुस्तके आहेत. मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती पपायरसच्या, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेल्या जुन्या काळच्या कागदाच्या, पानांपुढे. ख्रिस्ती धर्माचा आरंभीचा प्रचारक पॉल याच्या पत्रांची ती फार जुनी प्रत, साधारण इ. स. २०० ची. तिची ८६ पाने उरली आहेत, पण त्यांतली ५६ डब्लिनला आणि ३० अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात. एकाच पोथीची पाने आता समुद्राच्या दोन काठांवर आहेत, आणि ती पुन्हा एकत्र आणायची तर छायाचित्रांतच.

तेव्हापासून आपल्या ट्रंकेतल्या आजोबांच्या पोथ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. बाबा, वाड्याच्या वाटणीत मी बोलू नये हे मला कळते आणि काकांविषयी माझ्या मनात काही नाही. परंतु निम्म्या पोथ्या तुमच्याकडे व निम्म्या त्यांच्याकडे, असे कृपा करून करू नका. सुटी पाने आहेत; एकदा घरे वेगळी झाली की कोणते पान कशाचे, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. सगळी ट्रंक काकांकडे गेली तरी चालेल, पण ती एकत्र राहावी. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला सांभाळा असे पोथीच सांगते, हे आजोबा म्हणत. पाने लाल सुती कापडात घट्ट बांधा, ट्रंक भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच ठेवा, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका आणि प्लॅस्टिकमध्ये भरू नका. ओळींवर जिथे पिवळे डाग आहेत तो हरताळ, म्हणजे एक पिवळे खनिज आहे. चुकलेले अक्षर झाकायला लेखक तो फासत, आणि तो विषारी असतो. म्हणून आजीने बोटाला थुंकी लावून पाने उलटू नयेत आणि चिंटूला हात लावू दिला तर नंतर धुवायला लावा.

या महिन्यात ५०० युरो पाठवले आहेत. त्यांतून कर्जाचा हप्ता भरून उरतील ते दादाच्या साखरपुड्याला वापरा. साखरपुड्याला मला येता येणार नाही. रजा आहे, पण ती आता घेतली तर लग्नाला आठ दिवसही मिळणार नाहीत, म्हणून मनावर दगड ठेवून असे ठरवले आहे. वहिनीला मी स्वतः फोन करीन. मामांनी सुचवलेल्या स्थळाला मी नकार देत नाही. मुलाशी एकदा मोकळेपणाने बोलू द्या, पण माझ्या वतीने होकार कळवू नका. आजोबा गेले तेव्हा मी येऊ शकले नाही, त्यानंतर घरच्या कोणत्याही गोष्टीला नाही म्हणताना मला फार जड जाते, हे तुम्ही जाणताच.

आजीला शिरसाष्टांग नमस्कार, चिंटूला अनेक आशीर्वाद.

तुमची,
धाकटी

ता. क. ट्रंक उघडाल तेव्हा वरच्या पोथीच्या वेष्टनावर आजोबांनी चिकटवलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठवा. त्यांचे अक्षर पाहून दोन वर्षे झाली.