विषय: गेट न उघडल्याबद्दल, आणि माझं मत बदलल्याबद्दल

कराड, १० फेब्रुवारी २०२५

प्रति,
ग्राहक सेवा विभागाचे प्रमुख, आणि त्यांच्या वर जे कोणी बसत असतील ते

आज दुपारी सव्वाबाराला तुमच्या कॉल सेंटरला सातवा फोन केला. एकोणीस मिनिटं तुमची बासरी ऐकली. शेवटी पलीकडचा मुलगा "सर, तुमचा फीडबॅक आमच्यासाठी मोलाचा आहे" म्हणाला आणि फोन ठेवून मोकळा झाला. फीडबॅक नव्हता तो, तक्रार होती. म्हणून आता लेखी देतो.

माझी मुलगी पुण्यात शिकते आणि १ सप्टेंबरपासून तुमच्या नऱ्ह्याच्या, मुलींना भाड्याने खोल्या देणाऱ्या इमारतीत राहते, ट्रिपल शेअरिंगमध्ये. करार तुमच्याकडे आहे, बाकीचं सगळं ॲपमध्ये आहे. त्यामुळे खोली केवढी आणि गरम पाणी किती वाजता जातं, हे तुमचंच तुम्हाला सांगत बसत नाही. थेट २ फेब्रुवारीच्या रात्रीवर येतो.

माघी गणपतीला ती घरी आली होती. रविवारी दुपारची एसटी धरली. रविवारची संध्याकाळ आणि खंबाटकी घाट, यापुढे काही सांगायला नको. कात्रजला उतरून रिक्षाने तुमच्या गेटवर पोचली तेव्हा १० वाजून ४० मिनिटं झाली होती. तुमच्याच नियमाप्रमाणे गेट ११ वाजता बंद होतं. म्हणजे वीस मिनिटं शिल्लक. मशीनने तिचा चेहरा पाहिला आणि लाल दिवा लावला. प्रवेश स्थगित, थकबाकी ३५४ रुपये.

हे ३५४ रुपये कसले ते ऐका. जानेवारीचं भाडं मी ५ तारखेला, म्हणजे मुदतीच्या आत, रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी यूपीआयने भरलं. तुमच्या सिस्टीमला ते दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. लेट फी ३००, वर १८ टक्के जीएसटीचे ५४. स्क्रीनशॉट दोनदा मेल केला, दोन्ही वेळा उत्तर नाही. फेब्रुवारीचं भाडं तर १ तारखेलाच जमा. त्या रात्री तुमचे माझ्याकडे ३५४ रुपये येणे होते, तेही तुमच्या हिशोबाने, आणि माझे तुमच्याकडे २३ हजारांचं डिपॉझिट पडून होतं.

मी फोन लावला. तो संवाद जसाच्या तसा लिहितो. 'क्वालिटी आणि ट्रेनिंगसाठी' तुम्ही रेकॉर्डिंग करता म्हणे, ताडून पाहा.

"सर, आपण स्वतः रेसिडेंट आहात का?"

मी एक्कावन्न वर्षांचा पुरुष. इमारत मुलींची. म्हटलं, नाही हो, मी तिचा बाप, पैसे भरणारा.

"सॉरी सर, प्रायव्हसी पॉलिसीमुळे रेसिडेंटच्या अकाउंटबद्दल आम्ही थर्ड पार्टीशी बोलू शकत नाही."

थर्ड पार्टी! करारावर सही माझी, आधार माझं, डिपॉझिट माझ्या खात्यातून, आणि लेट फीचा मेसेज महिनाभर रोज सकाळी साडेसातला माझ्या मोबाइलवर. वसुलीच्या वेळी मी पहिला, गेट उघडायच्या वेळी तिसरा. म्हटलं, बाबा रे, मुलगी रस्त्यावर उभी आहे, तिचा फोन चार टक्क्यांवर आलाय.

"हो सर, कॅमेऱ्यात दिसतायत मॅडम."

दिसतायत! मी म्हटलं, मग उघडा की.

"सर, तिकीट रेझ केलंय. अठ्ठेचाळीस तासांत रिझॉल्व्ह होईल."

"तोवर ती कुठे राहील?"

इथे त्याने खरोखर शोधलं. कीबोर्डचा आवाज मला ऐकू येत होता. मग म्हणाला, "सर, ते आमच्या स्कोपमध्ये येत नाही."

मी ते ३५४ रुपये तिथल्या तिथे भरले. चूक तुमची असताना भरले, कारण मुलगी बाहेर होती. तर म्हणाला, "थँक यू सर, पेमेंट रिफ्लेक्ट व्हायला चोवीस तास लागतात." म्हणजे ज्या दिरंगाईपायी दंड लागला, दंड भरायलाही तीच आडवी आली. वर जाता जाता, "कॉलनंतर एक ते पाचमध्ये रेटिंग द्याल ना सर?" त्या मुलावर माझा राग नाही. त्याला हे वाक्य लिहून कुणी दिलं, त्याच्यावर आहे.

शेवटी गेटवरच्या मामांनी ११ वाजून ५ मिनिटांनी तिला मेसच्या मागच्या दाराने आत घेतलं. तुमच्या आख्ख्या यंत्रणेत अक्कल वापरलेला तो एकच माणूस, आणि त्यालाच तुम्ही मेमो दिलात असं मुलींकडून कळलं. कौतुक आहे तुमचं.

आता बिलाकडे. मी बावीस वर्षं साखर कारखान्याच्या अकाउंट्समध्ये आहे, बिल वाचायची खोड जात नाही. भाडं ११,५००, त्यावर १२ टक्के जीएसटी १,३८०. अशी सहा बिलं, ८,२८० रुपये. जून २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने शिफारस केली आणि १५ जुलैपासून लागू झालं, की माणशी महिना २० हजारांपर्यंतचं राहण्याचं भाडं, सलग किमान ९० दिवस राहणाऱ्याला, करमुक्त. माझी मुलगी त्यानंतर दीड महिन्याने तुमच्याकडे आली आणि अजून राहते आहे. मग हा कर कुठला? विचारलं तर उत्तर आलं, "सर, बिल सिस्टीम-जनरेटेड आहे." आमच्या कारखान्यात काटा चुकला तर शेतकऱ्याला 'काटा-जनरेटेड आहे' असं सांगून बघा, काय होतं ते. पैसे सरकारजमा केले असतील तर चलन दाखवा.

आणि पाणी. जानेवारीपासून सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरीकडे, जीबीएसचे (गियाँ-बारे, नसांच्या आजाराचे) रुग्ण निघताहेत, पाण्यावर संशय आहे. धायरी तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर. टँकर कुठून भरून येतो आणि पाण्याची तपासणी कधी झाली, एवढंच विचारलं होतं. उत्तर: "प्रत्येक मजल्यावर आरओ आहे." दात घासायला मुली आरओवर जातात का? दोन आठवडे झाले, अहवाल नाही.

आता जे लिहितोय ते तुम्हाला जास्त लागावं अशी माझी इच्छा आहे.

डिसेंबरात मुलीच्या कॉलेजात पालकसभा झाली. मुलींच्या जुन्या वसतिगृहात ९६ जागा. वर्कशॉपमागच्या मैदानावर ३०० जणींची नवी इमारत बांधावी का, हा विषय होता. त्या सभेत उठून विरोध करणारा मी. म्हटलं, कॉलेजने शिकवावं, खानावळी चालवू नयेत. कर्ज काढाल, हप्ते शेवटी फीमधून वसूल कराल, मैदान जाईल ते वेगळंच. राहायची सोय करणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांचं ते काम आहे. आणि उदाहरण म्हणून नाव घेतलं ते तुमचं. टाळ्याही पडल्या. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. तुमच्या मार्केटिंगवाल्यांना जे जमलं नसतं ते मी फुकटात केलं.

घरी आल्यावर वडिलांना सांगितलं. ते अठ्ठ्याऐंशीचे. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली काढलेल्या शाहू बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले. त्या पोरांच्या जेवणापायी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र गेलं, हे आमच्या घरात देवाच्या गोष्टीसारखं सांगतात. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं उभी केली म्हणून खेड्यातली पोरं शाळा-कॉलेजं बघू शकली, हेही त्यांचंच पालुपद. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला तेव्हा ते जुन्या जमान्यातले वाटले.

गेल्या जुलैत सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलींची फी माफ केली. आमची त्यात बसली. घरात पेढे वाटले. मग तुमचा करार आला: अकरा महिन्यांचे १,२६,५००, कर वेगळा, डिपॉझिट वेगळं, मध्येच सोडलं तर डिपॉझिट बुडालं. म्हणजे सरकारने एका खिशात घातलं ते तुम्ही दुसऱ्या खिशातून काढून घेतलंत. तिघींच्या एका खोलीचे महिन्याला साडेचौतीस हजार. त्याच गल्लीत आख्खा वन बीएचके याच्या निम्म्यात मिळतो. फी माफ होऊनही कॉटपायी ज्या मुली घरी बसल्या असतील, त्यांचा हिशोब माझ्या त्या भाषणात नव्हता.

कॉलेजच्या वसतिगृहात भाजीत अळी निघते, नळ गळतो, सगळं कबूल. पण तिथे रेक्टर नावाचा हाडामासाचा माणूस असतो. त्याच्याशी भांडता येतं. त्याने ऐकलं नाही तर प्राचार्यांच्या टेबलावर हात आपटता येतो. तुमच्या सर्व्हरवर मी काय आपटू? तुमच्याकडे लिफ्ट बंद पडली की इमारत मालकाची, पाणी टँकरवाल्याचं, जेवण केटररचं, गेट सॉफ्टवेअरचं. तुमचं स्वतःचं असं फक्त बिल.

तेव्हा २२ फेब्रुवारीच्या पालकसभेत मी पुन्हा उठणार आहे. माझं डिसेंबरचं म्हणणं मागे घेणार आहे आणि तुमचं बिल आणि वरचा संवाद वाचून दाखवणार आहे. इमारत उभी राहीपर्यंत माझी मुलगी बहुधा पास होऊन जाईल, मैदानही जाईल, त्याचं वाईट वाटतं. तरी बांधा म्हणणार.

माझं मागणं एवढंच आहे. जीएसटीचे ८,२८० आणि ते ३५४, मिळून ८,६३४ रुपये परत करा. मुलगी २८ फेब्रुवारीला खोली सोडते आहे, २३ हजारांचं डिपॉझिट एक पैसाही न कापता द्या. लॉक-इन, नोटीस पिरियड ही कलमं मला वाचून दाखवू नका. अवाजवी डिपॉझिट आणि एकतर्फी कराराबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात काय लिहिलंय ते तुमच्या वकिलांना विचारा. पाण्याचा अहवाल उरलेल्या मुलींसाठी इमारतीत लावा. आणि गेटवरच्या मामांचा मेमो रद्द करा, ही मागणी सगळ्यांत वरची समजा. पंधरा दिवस वाट पाहीन. मग आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन, त्यानंतर ग्राहक आयोग. पाच लाखांच्या आतल्या दाव्याला तिथे फी नाही, आणि तिथे मी थर्ड पार्टी नसतो.

सोबत: सहा बिलं, यूपीआयची पावती, दोन्ही मेलच्या प्रती. ३५४ चा स्क्रीनशॉट तिसऱ्यांदा जोडतोय.

तुमचा २८ तारखेपर्यंतचा ग्राहक,
एक पालक

ता. क.: पत्र पाकिटात घालतानाच तुमचा मेसेज आला. २ फेब्रुवारीचं तिकीट बंद केलंय. शेरा: 'रेसिडेंट इमारतीत पोचल्या. समस्या सुटली.'