बाटली अजून कपाटातच आहे, मॅडम

फिजिओथेरपिस्ट मॅडम,
सप्रेम नमस्कार.

ठरलेल्या शेवटच्या भेटीला मी आलोच नाही. कंबर दुखायची थांबली की पेशंट तोंड दाखवत नाही, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात. मीही त्यातलाच निघालो. आभार राहून गेले, म्हणून हे जाहीर पत्र. नाव मात्र घेत नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा घरून काम सुरू होऊन दोन वर्षं झाली होती आणि वजन 76 वरून 87 वर गेलं होतं. "व्यायाम होत नाही हो," अशी माझी रड. "ऑफिसला जात होतात तेव्हा होत होता?" तुम्ही विचारलंत. नव्हताच. मग कागद पुढे सरकवून ऑफिसच्या दिवसात मी कुठे कुठे चालायचो ते लिहायला लावलंत. घर ते स्टॉप, दोन जिने, मीटिंगची खोली, पलीकडच्या विभागात गप्पांसाठी मारलेल्या चकरा. कागद भरला. घरच्या दिवसाला एक ओळ पुरली: पलंग, खुर्ची, बाथरूम, खुर्ची, पलंग. आदल्या दिवशीची पावलं फोनमध्ये होती 1,140.

लंडनच्या डबलडेकर बसची गोष्ट तेव्हाच सांगितलीत. बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिना चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, हे ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 साली मांडलं होतं. "तुमचा कंडक्टरचा ड्रायव्हर झालाय," हे वाक्य तुमचं, आणि ते जिव्हारी लागलं.

"मग रोज दहा हजार पावलं?" यावर तुम्ही हसलात. जपानमध्ये 1965 साली पावलं मोजायचं एक यंत्र निघालं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर. तिथून तो आकडा रूढ झाला. "तुम्ही आधी तीन हजार करा."

आणि मग ती बाटली. एक लिटरची, टेबलावर कायम भरलेली. पाणी भरपूर पितो म्हणून मला तिचा अभिमानच होता. तुम्ही म्हणालात, "ती कपाटात टाका. लहान पेला घ्या, दर वेळी उठून भरा." पेला चार घोटांत संपायचा आणि चिडचिड व्हायची. पण आठवडाभरात पाय आपोआप उठायला लागले. चार्जर दुसऱ्या खोलीत गेला, फोन आला की येरझाऱ्या सुरू झाल्या. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठायचं होतं. पहिल्या दिवशी सातव्यालाच टेबल धरलं. संध्याकाळचं चालणं नंतर आलं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकं भरभर, आठवड्याला किमान 150 मिनिटं.

नुसतं चालून वजन उतरेल, अशा भ्रमात तुम्ही मला ठेवलं नाहीत, हे विशेष. अर्ध्या तासाच्या चालण्यात माझ्या अंगाच्या माणसाच्या दीड-पावणेदोनशे कॅलरी जातात, आणि टेबलावरच्या खाऊच्या डब्यात दोनदा हात घातला की परत येतात. डबा वरच्या फळीवर गेला. खरं सांगायचं तर सगळ्यात जड गेलं ते हेच.

चौथ्या महिन्यात काटा पाच आठवडे 81 वर अडून बसला, तेव्हा मी तुम्हाला जरा उर्मट मेसेज केला होता. माफ करा. तुमचं उत्तर एका ओळीचं होतं: "पट्टा कितव्या भोकात?" बघितलं तर दोन भोकं आत.

आता 78 आहे. 76 होईल असं वाटत नाही, आणि त्याचं दुःखही नाही. कंबर अधूनमधून कुरकुरते, बहुतेक मीटिंग लांबली की.

ती बाटली मुलीनं शाळेसाठी केव्हाची मागितली आहे. लागेल कधीतरी म्हणून मी ठेवून दिली होती. उद्या देऊन टाकतो.

तुमचा,
भेट बुडवणारा पेशंट