त्या रात्री तीन वाजता आपण तिघंही जागे होतो

नेरूळ

प्रिय आई-बाबा,

फोनवर झोपेचा आणि काळजीचा विषय काढला की आई लगेच तू जेवलीस का ते आधी सांग म्हणते आणि बाबा तुम्ही हं हं करत टीव्हीचा आवाज वाढवता, म्हणून लिहूनच पाठवतेय. चष्मा लावून दोघांनी एकत्र बसून वाचा.

मागच्या शनिवारी तुमच्याकडे नौपाड्याला राहिले ना, त्या रात्री तीनला जाग आली म्हणून पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात लाईट चालू आणि आई ताटात तांदूळ घेऊन निवडत बसलेली. म्हणाली सकाळी घाई होते गं. अगं पण ते तांदूळ निवडलेलेच होते, संध्याकाळी माझ्यासमोरच तर निवडलेस. हॉलमध्ये आले तर बाबांच्या चेहऱ्यावर मोबाईलचा उजेड, बिल्डिंग पाडून नवी बांधायची म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर बिल्डर, कॉर्पस म्हणजे बिल्डर देणार ती रक्कम, भाडं यावरनं जे चाललंय ते वाचत होतात, मला बघून फोन उशीखाली सरकवलात. आणि सकाळी चहा घेताना तिघंही म्हणालो की झोप छान लागली. मी पण म्हणाले. ते माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

आता माझं सांगते, आधी सांगायला हवं होतं. मार्चमध्ये ऐरोलीहून ऑफिस सुटल्यावर लोकलने घरी येत होते, कोपरखैरणे गेलं आणि एकदम छातीत धडधड, बोटांना मुंग्या, घाम, वाटलं संपलं सगळं, हार्ट अटॅक आला. तुर्भ्याला उतरून बाकड्यावर बसून राहिले, दोन गाड्या सोडल्या. मग ईसीजी केला, रक्त तपासलं, थायरॉईड पण बघितला कारण त्यानेही असं होऊ शकतं म्हणे, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले पॅनिक अटॅक. भीती वाटली की शरीर पळायची तयारी करतं, श्वास भराभर होतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो आणि म्हणून मुंग्या येतात. हे कळल्यावरच मला निम्मं बरं वाटलं.

तुम्हाला का नाही सांगितलं? एक म्हणजे तुमचं बीपी. आणि दुसरं, आपण ठाण्याची माणसं. १९०१ सालापासून गावात मनोरुग्णालय आहे आणि लहानपणापासून आपण एकच ऐकलंय, कोणी जरा वेगळं वागलं की ‘ठाण्याला भरती करा याला’. मीही शाळेत हसलेय त्यावर. मग स्वतःवर वेळ आली तेव्हा तोंड उघडेना. तिथे माणसं बरी होऊन घरी जातात हे आपल्या आळीत कधी कोणी बोललंच नाही.

तर आता गेले चार महिने आम्ही घरात काय करतोय ते सांगते, कारण तुम्हालाही ते जमेल असं मला खरंच वाटतं. रोज सकाळी अर्धा तास ज्वेलला, म्हणजे इथल्या तळ्याकाठच्या बागेत, चालून येतो, नातू पण येतो, कुरकुरत येतो पण येतो. आठवड्याला दीडशे मिनिटं चाला असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे अर्धा तास पाच दिवस झालं की भरलं. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोप वेळेवर येते. बाबा, तुम्ही वीस वर्षं तलावपाळीला फेऱ्या मारत होतात, बिल्डिंगच्या मीटिंगा सुरू झाल्या आणि ते बंद झालं. आईच्या गुडघ्यांना पूर्ण फेरी नको, कोपिनेश्वराच्या देवळापर्यंत जा, बाकावर बसा, परत या. आणि आई, ओट्याला धरून एका पायावर दहा-दहा सेकंद उभी राहत जा, तोल सांभाळायची सवय मोडता कामा नये.

श्वासाचं अगदी साधं आहे. नाकाने घ्यायचा आणि घेतला त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ सोडायचा, पाच मिनिटं. सोडताना हृदयाचे ठोके आपोआप जरा मंदावतात. आई तू भ्रामरी करायचीस ना, तेच, लांब हुंकार. मी लोकलमध्ये करते, कोणाला कळत पण नाही.

झोपेचं मात्र तुमच्याशी भांडणारच आहे. बाबा, रात्री आठचा चहा बंद. चहातलं कॅफिन पाच-एक तासांनी निम्मं उतरतं, वयाबरोबर आणखी उशीर लागू शकतो, म्हणजे मध्यरात्रीसुद्धा ते अंगात असतं. दुपारची दोन तासांची झोप अर्ध्या तासावर आणा, तीनच्या आत. फोन हॉलमध्ये चार्जिंगला, आणि गजराचं घड्याळ मी आणते म्हणजे ते कारण पण राहणार नाही. रात्री जाग आली आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर लोळत राहू नका, मंद दिव्यात बसून काहीतरी जुनं वाचा, घड्याळाकडे बघू नका.

आई, शेजारच्या काकूंकडची अर्धी गोळी तू घेतेस हे मला कळलंय. रागावत नाहीये पण प्लीज नको गं. झोपेच्या गोळ्यांनी या वयात रात्री उठताना तोल जातो, माणसं पडतात, खुब्याचं हाड मोडतं. एकदम बंद पण करू नकोस, रोज घेत असशील तर आपल्या डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असते. बाबांच्या बीपीच्या गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत, कितीही बरं वाटलं तरी.

आणि बिल्डिंगचं. काळजी करू नका असं मी म्हणणार नाही, चाळीस वर्षांचं घर आहे, वाटणारच. फक्त काळजीला वेळ ठरवून देऊया. राम मारुती रोडवरनं एक दोनशे पानी वही आणा, संध्याकाळी साडेपाचला पंधरा मिनिटं दोघांनी बसून जे डोक्यात आहे ते लिहा. भाडं वेळेवर येईल का, लिफ्ट नसलेली जागा मिळाली तर आईचं काय, तुळस कुठे ठेवायची, काहीही. ज्याला आपण काही करू शकतो त्याच्यापुढे कोणाला विचारायचं ते लिहा, वकिलाचे प्रश्न वेगळ्या पानावर. रात्री तोच विचार आला की म्हणायचं, उद्या साडेपाचला. माझ्या काऊन्सेलरने मला हे करायला लावलं तेव्हा मला पटलं नव्हतं, आता माझी अर्धी वही भरलीय. बाबांनी आयुष्यभर जमाखर्चाच्या वह्या लिहिल्या, त्यांना तर माझ्यापेक्षा छान जमेल.

अगदीच घाबरं झालं आणि मी फोन उचलला नाही तर १४४१६ लावा, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवा. छातीत दुखलं तर मात्र काळजीमुळे असेल म्हणून घरी बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

रविवारी सातला तलावपाळीवर येते, ज्यूस सेंटरजवळ थांबा, स्वेटर-बिटर काही नको पण आईची काठी आणा.

आज नेहमीसारखा नऊला फोन करते. जेवलात का ते विचारणार नाही, काल रात्री किती वाजता जाग आली ते विचारणार आहे. तुम्ही मलाही विचारा.

तुमची,
ताई