मेनूत गेले, पण खेळ गोठलेलाच

संपादक महोदय,

नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते, म्हणून नागपुरातली बरीच मुले सुटीत संगणकावर गेम बनवायला बसतात. खेळ जमतो, खेळातून मुख्य मेनूवर परत नेणारे ‘मेनू’चे बटण मात्र दाबले तरी ढिम्म. शिकवणाऱ्यांनी हा भाग ‘सोपाच आहे’ म्हणून सोडून देऊ नये, यासाठी हे पत्र.

युनिटीत (गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर) खेळाचा प्रत्येक पडदा म्हणजे एक ‘सीन’. त्यातल्या कॅनव्हासवर, म्हणजे बटणे-मजकूर मांडायच्या थरावर, बटण ठेवायचे. स्क्रिप्टमध्ये (कोडच्या फाइलमध्ये) पब्लिक फंक्शन, म्हणजे बाहेरून वापरता येणारा आदेशसंच, लिहून त्यात सीनमॅनेजरचा लोडसीन हा सीन उघडणारा आदेश सीनच्या नावासह द्यायचा. ती स्क्रिप्ट सीनमधल्या रिकाम्या ऑब्जेक्टवर लावायची आणि तो ऑब्जेक्ट बटणाच्या ऑनक्लिकमध्ये (दाबल्यावर काय व्हावे त्या रकान्यात) ओढून फंक्शन निवडायचे. इथे अनेक जण थेट स्क्रिप्टची फाइल ओढतात, मग आपले फंक्शन यादीत सापडतच नाही. फंक्शन पब्लिक नसले तरी तीच गत. खेळाचा आणि मेनूचा असे दोन्ही सीन बिल्ड सेटिंग्जच्या यादीत हवेत (युनिटी ६ मध्ये बिल्ड प्रोफाइल्स), नाहीतर एरर ठरलेली. त्यात शून्य क्रमांकावर मेनूचा सीन ठेवावा, कारण गेम तिथूनच उघडतो.

एरर नाही आणि बटणही मुके, असे असेल तर सीनमध्ये क्लिक ओळखणारा इव्हेंटसिस्टम आहे का ते पाहावे; दुसऱ्या सीनमधून कॅनव्हास कॉपी करून आणला की इव्हेंटसिस्टम मागेच राहतो. कधी बटणावर पारदर्शक चित्र पसरलेले असते. त्याचे रेकास्ट टार्गेट (क्लिक अडवणारी खूण) बंद करावे.

खरी गोची पॉजची. खेळ थांबवायला टाइमस्केल (खेळातल्या वेळेचा वेग) शून्य केलेला असतो आणि सीन बदलला तरी तो शून्यच राहतो. मेनू उघडतो, बटणे चालतात, पण पुन्हा खेळायला गेले की सगळे पुतळे! लोडसीनच्या आधीच्याच ओळीत तो १ करावा. गोडो या दुसऱ्या गेम-सॉफ्टवेअरमध्येही ट्रीचा (म्हणजे सगळ्या खेळाचा) पॉज सीन बदलल्याने सुटत नाही. शिवाय तिथे पॉजमध्ये बटण चालायला त्याचा प्रोसेस मोड ‘ऑलवेज’ किंवा ‘व्हेन पॉज्ड’ ठेवावा लागतो. युनिटीत मेनूत परतल्यावर गाणे दुहेरी वाजू लागले, तर डोन्टडिस्ट्रॉयऑनलोड (सीन बदलला तरी टिकवणारा आदेश) लावलेल्या ऑब्जेक्टची दुसरी प्रत तयार झाली आहे असे समजावे.

बटणावर मराठी लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. युनिटीत मजकूर दाखवणारे टेक्स्टमेशप्रो देवनागरीची जुळणी करत नाही. फॉन्ट घातला तरी ‘निवड’मधली पहिली वेलांटी ‘न’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे सुटी पडतात. असा शब्द चित्र म्हणून लावावा. गोडो ४ मध्ये देवनागरी फॉन्ट दिला की शब्द नीट उमटतो.

– एक गेम डेव्हलपर, धंतोली, नागपूर