शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: मानशीचे दार ओळखणारी मुले विज्ञानात नापास का होतात?

मा. शिक्षणमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत विज्ञान साहित्याची पेटी पोचली. दोन वर्षे आम्ही ती मागत होतो, म्हणून आभाराचे पत्र लिहायचे ठरवले होते. पेटी उघडल्यावर ते जमले नाही. लिटमसच्या निळ्या आणि लाल पट्ट्या ओल खाऊन एकाच मळकट रंगाच्या झाल्या आहेत. हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली आणि स्प्रिंगचे तराजू एकाच खोक्यात बांधले होते. बुचातून निसटलेल्या वाफेने स्प्रिंगा गंजून अडकल्या. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशीचे जाळे आहे. माहितीपुस्तिका सगळी इंग्रजीत. पुरवठा कोणी केला ते नाव मी लिहीत नाही, कारण माझे भांडण एका पेटीशी नाही.

गोव्यात वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. ही गोष्ट पेटी बांधणाऱ्याला माहीत असती, तर लिटमस हवाबंद बरणीत आला असता, भिंगाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी असती आणि आम्ल वेगळ्या खोक्यात असते. कपाटात 15 वॉटचा एक पिवळा दिवा जळत ठेवला तरी भिंगे पावसाळा काढतात. जिथे मूल राहते तिथली हवा, पाणी, माती आणि भाषा न बघता विज्ञान पाठवले की असे होते. पुस्तकांचेही नेमके हेच झाले आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 चा परिच्छेद 4.14 आपल्याला माहीत असेलच. विज्ञान आणि गणितासाठी उत्तम द्विभाषिक पाठ्यपुस्तके व साहित्य तयार करू, म्हणजे मुलांना घरच्या भाषेत आणि इंग्रजीत, दोन्हींत विचार करता येईल, असे त्यात म्हटले आहे. त्याआधी 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम 29 नेही, शक्य तिथवर शिकवणे मातृभाषेत असावे असे सांगितले आहे. सरकारी प्राथमिक शाळेतले आमचे मूल चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकते. पाचवीत बहुतेक शाळांचे माध्यम इंग्रजी होते आणि सहावीत विज्ञान वेगळा विषय म्हणून समोर येते. भाषा तुटते आणि विषय सुरू होतो, दोन्ही एकदम. या मुलाच्या हातात द्विभाषिक पुस्तक कुठे आहे? ज्याच्या घरी इंग्रजी आहे त्याला हा खड्डा लागतच नाही. सत्तरीतल्या, सांग्यातल्या, काणकोणातल्या वाड्यावरच्या मुलीला तो लागतो. किनाऱ्यावर बांधकामावर आलेल्या कन्नड आणि लमाणी कुटुंबांतल्या मुलांना तर दोनदा लागतो.

एक शब्द घ्या. भरती-ओहोटीचा धडा. पुस्तकात ‘स्प्रिंग टाइड’ येते. मुले तराजूतल्या स्प्रिंगेचा विचार करतात, हुशार मुले वसंत ऋतूचा. दोन्ही चूक. मासेमारी करणाऱ्या पागी समाजाच्या मुलाला घरी ‘उधाण’ माहीत असते: अमावास्या-पुनवेची भरती, पाणी सर्वांत वर. अष्टमीच्या आसपासची ‘भांगाची भरती’ त्याला माहीत असते आणि भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते हेही. ओहोटीला तो सुकती म्हणतो. पुस्तकातली रोज सरासरी 50 मिनिटे आणि त्याच्या बापाचा पाऊण-एक तास एकच आहे. वर्गात त्याचे हे ज्ञान विचारले जात नाही. उत्तरपत्रिकेत ‘नीप टाइड’चे, म्हणजे त्याच भांगाच्या भरतीचे, स्पेलिंग चुकते आणि गुण जातो.

दुसरे उदाहरण मोठे आहे. गोव्यात सुमारे 18,000 हेक्टर खाजन जमीन आहे, म्हणजे नदी-खाडीकाठी बांध घालून राखलेली सखल शेती. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून शेत वाचवते ती मानस, बांधातली पाण्याची वाट. तिची लाकडी दारे फक्त नदीच्या बाजूला उघडतात. सुकतीला शेतातले पाणी दार ढकलून बाहेर जाते, भरतीला नदीचे पाणी तेच दार दाबून बंद करते. माणूस नको, मोटर नको. आठवीच्या पुस्तकात द्रवाच्या दाबाचा धडा आहे आणि तो मानशीवाचून शिकवला जातो!

हिशेब नववीच्या मुलाला जमतो. दार 1 मीटर रुंद, बाहेर पाणी 1 मीटर, आत अर्धा मीटर. बाहेरचा सरासरी दाब 4,900 पास्कल, क्षेत्रफळ 1 चौरस मीटर, बल 4,900 न्यूटन. आतला सरासरी दाब 2,450 पास्कल, क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर, बल 1,225. फरक 3,675 न्यूटन, म्हणजे पावणेचारशे किलो वजनाचा रेटा. गोडे पाणी धरून हा आकडा आहे, खाऱ्याचा थोडा जास्त येईल. दाराच्या चौकटीत मातीचा खडा अडकून दार पुरते मिटले नाही, तर हाच दाब त्या फटीतून पाणी आत फेकतो. कोरगुट भात खारेपणा सोसते, पण त्यालाही मर्यादा आहे.

प्रतिकृती वर्गात एका तासात होते. 40 सेंटिमीटर लांब प्लास्टिकचा टब, मधोमध पडदा, पडद्याला तळाशी 6 बाय 6 सेंटिमीटरचे भोक. नदीच्या बाजूने 8 बाय 8 ची अॅल्युमिनियमची पातळ झडप, वरच्या कडेला फुग्याच्या रबराची बिजागरी. प्लायवूड घेतले तर झडप फुगते आणि तरंगते. सायकलच्या ट्यूबची बिजागरी जाड पडते, झडप अर्धवट उघडी राहते. ट्यूबची पट्टी भोकाच्या कडेला लावावी, गळती थांबते. झडप शेताच्या बाजूला बसवली तर सगळे उलटे होते, आणि मुलांना ती चूक मुद्दाम करू द्यावी, कारण का ते त्यांनाच कळते.

आम्ल-अल्कलीचेही तेच. लिटमस कुजला तर सोलं (कोकम) आहेत, दासवण (जास्वंद) आहे. पण फक्त ‘स्थानिक साहित्य वापरा’ असे परिपत्रक काढून भागत नाही, कसे वापरायचे ते सांगावे लागते. सोलांचे पाणी स्वतःच इतके आंबट असते, की त्यात साबणाच्या पाण्याचे चार थेंब टाकले तर रंग ढिम्म हलत नाही. प्रयोग फसला असे मुलांना वाटते. उलट करावे: अर्धा पेला खाण्याच्या सोड्याचे पाणी घ्यावे आणि त्यात सोलांच्या पाण्याचे दोन-तीन थेंब सोडावेत. दासवणीच्या पाच लाल फुलांच्या पाकळ्या 100 मिलिलिटर गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवल्या की दर्शक तयार. आम्लात गडद गुलाबी, अल्कलीत हिरवा. पावसाळ्यात तो दोन दिवसांत बुरसटतो, म्हणून रोज ताजा करावा. हे आम्ही एकमेकांना फोनवरून सांगतो. प्रशिक्षणात कोणी सांगत नाही.

आणि एप्रिल. 2025 पासून वरचे वर्ग एप्रिलमध्ये भरू लागले. उकाड्यावरून पालक बोलले, ते योग्यच होते. पण वर्ग घ्यायचेच असतील, तर हा महिना आगरवाड्याच्या मिठागरात न्या. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार. पाणी आटत एक पंचमांशावर आले की जिप्सम खाली बसते, एक दशांशाच्या आसपास मीठ धरू लागते. शेवटचे कडू पाणी, ज्यात मॅग्नेशियमचे क्षार राहतात, ते मीठकरी काढून टाकतात. सगळे पाणी आटवले तर मीठ कडू लागते, हे ताटात सुकवून मुले स्वतः बघतात. स्फटिकीभवन म्हणतात ते हेच. जुलैत हा धडा शिकवला तर खाडीचे पाणी पावसाने जवळजवळ गोडे झालेले असते आणि आगर पाण्याखाली. वेळापत्रक आखताना मिठागराचा हंगाम कोणी बघितला होता का?

गोव्यात माध्यमासाठी 1990 मध्ये भांडण झाले, 2011 मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचे ठरले तेव्हा पुन्हा झाले. मराठी की कोकणी यावर आजही सभा भरतात. मी मराठीत शिकलेली, मराठीत विचार करणारी बाई आहे, तरी सांगते: मुलीला ‘उधाण’ कोकणीत कळो की मराठीत, माझी हरकत नाही. सहावीच्या पुस्तकात तो शब्द इंग्रजी शब्दाच्या शेजारी छापलेला हवा. पस्तीस वर्षे भांडणारे पक्ष, संघटना आणि सरकारे यांच्यापैकी त्या पानासाठी कोण झटले?

दुसरीकडे काम करून दाखवणारेही देशात झाले. 1972 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत प्रयोगातून विज्ञान सुरू झाले. खेड्यातली मुले स्वतः मोजत, स्वतः नोंद करत, आणि परीक्षेतही प्रयोग असे. तीस वर्षे चालले. 2002 मध्ये राज्य सरकारने ते बंद केले. शिक्षकाने उभे केलेले एका आदेशाने जाते, ही भीती आमच्या पाठीवर कायम असते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 जनगणना, आपत्ती आणि निवडणूक याखेरीज अशैक्षणिक कामे आम्हांला देऊ नयेत असे म्हणते. प्रत्यक्षात आठवड्याचा प्रयोगाचा तास माहितीचे तक्ते भरण्यात जातो, आणि तासाला साहित्य मांडायला व आवरायला लागणारी वीस मिनिटे कोणत्याच वेळापत्रकात नसतात. प्रयोगशाळा सहायक नसेल तर काचनळ्या बाईच धुतात. चाळीस मुलांत चार बीकर, म्हणजे सहा मुले हात लावतात आणि चौतीस बघतात. हात लावणारी सहा कोण असतात, ते वर्गात येऊन बघा. पुढच्या बाकावरची, इंग्रजीत उत्तर देणारी.

सहावी ते आठवीच्या विज्ञानाचे द्विभाषिक पुस्तक पुढच्या एप्रिलपूर्वी द्या. सगळे जमत नसेल तर प्रत्येक धड्यामागे दोन पानांची शब्दसूची द्या: इंग्रजी, मराठी, कोकणी. दर पाच मुलांमागे एक साहित्यसंच द्या आणि खर्चून जाणाऱ्या वस्तूंसाठी दरवर्षी शाळेच्या हातात पैसे द्या. बीकर एकदा येतो, सोडा आणि लिटमस दर वर्षी लागतात. वार्षिक परीक्षेत किमान एक प्रश्न असा ठेवा, ज्याचे उत्तर मुलाला कोणत्याही भाषेत, आकृती काढून देता येईल.

पेटी आम्ही परत पाठवलेली नाही. भिंगे पुसून बघतो आहोत. पुस्तकाची तारीख तेवढी लेखी कळवावी.

आपली,
सरकारी माध्यमिक शाळेतील एक विज्ञान शिक्षिका
तालुका पेडणे, गोवा