चोरीची प्रत बसमध्ये, खरी प्रत कपाटात : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन

विषय : अनुदान घेतलेले मराठी चित्रपट लोकांना घरी, रीतसर आणि ठरलेल्या मुदतीत बघायला मिळण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार. मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे. मराठी चित्रपटांच्या सेटवर कानाला हेडफोन लावून बसणारा माणूस. चित्रपट संपल्यावर नावं सरकतात, त्यात एका ओळीत माझं नाव येतं. आपल्याला त्रास देण्याचं कारण गेल्या आठवड्यात घडलं.

रात्रीच्या खासगी बसनं गावी निघालो होतो. बस शहराबाहेर पडली आणि क्लीनरनं पुढचा टीव्ही लावला. त्यावर आमचा चित्रपट सुरू झाला. थिएटरातून उतरून त्याला कित्येक महिने झालेत. तो आजही कुठल्या ओटीटीवर नाही, कुठल्या चॅनलवर लागलेला नाही, आणि तो बसमध्ये चालू होता. कुणीतरी थिएटरात मोबाइल धरून उतरवलेली प्रत होती. पडद्याची डावी कड कापलेली, मधूनच कुणीतरी उठून जातो त्याचं डोकं.

चित्राचं दुःख कॅमेरामन सांगेल. मी आवाजाचं सांगतो. आमच्या चित्रपटात पहाटे एक म्हातारी जात्यावर दळते आणि दळता दळता स्वतःशीच बोलते. डबिंग नव्हतं, सगळा सिंक साउंड, म्हणजे शूटिंग चालू असतानाच टिपलेला आवाज. त्या एका प्रसंगासाठी आम्ही घरातला फ्रिज बंद केला, पंखे बंद केले, शेजारच्या शेतातली मोटर बंद ठेवायला मालकाच्या हातापाया पडलो. जात्याचा दगड वेगळा टिपला, म्हातारीचा श्वास वेगळा टिपला. माणसं बाहेर काढून रिकाम्या खोलीचा आवाजही घेतला, कारण खोलीला स्वतःचा आवाज असतो आणि तो नसला की प्रसंग खोटा वाटतो. मिक्सिंगमध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवताना, आम्ही दळण समोर ठेवलं आणि पहाटेचे पक्षी थिएटरच्या मागच्या भिंतींकडे नेले. बसमध्ये त्या जागी काय ऐकू आलं? एसीची घरघर, वेफर्सचं पाकीट, कुणाच्या तरी फोनची रिंग. म्हातारी काय बोलते ते कळतच नव्हतं. तोच तर चित्रपट होता.

आणि शेवटचं वाक्य संपताच ती प्रत संपली. उतरवणाऱ्यानं नावं सुरू होताच मोबाइल खिशात टाकला असणार. लाइटमन, स्पॉटदादा, बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरून ज्याचे खांदे भरून आले तो मुलगा, कुणाचंच नाव नाही.

मी क्लीनरला बंद करायला सांगितलं. तो म्हणाला, पेनड्राइव्ह मालकाचा आहे. दोघेतिघे म्हणाले, बघू द्या की. पण मंत्रिमहोदय, मला हे पत्र लिहायला लावलं ते माझ्या बाजूच्या सीटवरच्या बाईंनी. त्यांनी अगदी सरळपणे विचारलं, "चांगला आहे हो पिक्चर. आमच्याकडे लागलाच नाही. नीट बघायचा तर कुठं मिळतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आवाज ज्यानं टिपला त्या माणसालाही सांगता येत नाही की हा चित्रपट पैसे देऊन कुठे बघायचा. कारण तो कुठेच नाही.

गावाहून परतल्यावर तक्रार द्यायला गेलो. पोलीस ठाण्यात सांगितलं, सायबर पोलिसांकडे जा. सायबरनं सांगितलं, हक्क निर्मात्याकडे आहेत, त्यांना पाठवा. निर्माता आधीच कर्जात बुडालाय, त्याच्यात कोर्टकचेरीचा दम उरलेला नाही आणि मी त्याला दोषही देत नाही. एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला, तिथे ऐकवलं की ही बाब आमच्या अखत्यारीत नाही, केंद्राला लिहा.

केंद्राचं म्हणाल तर कायदा आहे, चांगला कडक आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. थिएटरात चोरून चित्रण करणं आणि तशी प्रत लोकांना दाखवणं, दोन्ही गुन्हे. कमीत कमी तीन महिने कैद आणि तीन लाख दंड. कैद तीन वर्षांपर्यंत आणि दंड निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रानं अशा तक्रारी घ्यायला १२ नोडल अधिकारी नेमले आणि ४८ तासांत चोरीच्या लिंक बंद करू असं जाहीर केलं. साऱ्या देशाला मिळून बारा! आणि त्या बारांकडेही तक्रार करायची ती हक्कधारकानं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं. माझ्यासारख्यानं केली तर आधी सुनावणी, तक्रार खरी की खोटी ते ठरवायला.

पण केंद्राकडे बोट दाखवून आपल्याला सुटता येणार नाही. पोलीस राज्याचे. थिएटरला परवाना देणारं खातं राज्याचं. झोपडपट्टीगुंड आणि हातभट्टीवाल्यांना वर्षभर स्थानबद्ध करणारा एमपीडीए कायदा राज्याचा, आणि २००९ साली याच राज्यानं त्यात व्हिडिओ पायरेट्स, म्हणजे चोरीच्या प्रतींचा धंदा करणारे, घातले. म्हणजे ज्याला हातभट्टीवाल्याच्या रांगेत बसवलंय त्याची प्रत रात्रीच्या बसमध्ये राजरोस चालते आणि ठाण्यात कागद घ्यायला कुणी तयार नाही.

तपास करता येत नाही असंही कुणी सांगू नये. डिजिटल सिनेमाच्या सर्व्हरमधून चित्र आणि आवाज बाहेर पडताना त्यात न दिसणारी, न ऐकू येणारी खूण मिसळण्याची सोय असते. चोरीच्या प्रतीतली ती खूण वाचली की कुठल्या पडद्यावर, कधीच्या खेळाला ती उतरवली, हे काढता येतं. तंत्र जुनं आहे, जगभर वापरलं जातं. मराठी चित्रपटासाठी ती खूण वाचायला कुणी बसलंय का? एखाद्या मराठी चित्रपटाच्या चोरीत थिएटरपर्यंत माग काढून परवान्याबद्दल विचारणा झाली असेल, तर त्याचं नाव जाहीर करा. मला तरी धंद्यातल्या कुणी असं काही सांगितलेलं नाही.

चोरीमुळे चित्रपट उद्योगाचं वर्षाला २०,००० कोटींपर्यंत नुकसान होतं, हा आकडा केंद्र सरकारनंच दिलाय. त्यातला एक टक्का मराठीचा धरा. ढोबळ गणित आहे, पण कराच. दोनशे कोटी होतात. तुम्ही 'अ' दर्जाच्या चित्रपटाला ४० लाख अनुदान देता. दोनशे कोटींत पाचशे चित्रपटांचं अनुदान निघतं. अर्धा टक्का धरा, अडीचशे निघतात. एवढा पैसा दरवर्षी वाहून जातो आणि दुसरीकडे अनुदानाच्या फायलीवर सहीसाठी निर्माते मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवतात.

माझं स्वतःचं सांगतो. या चित्रपटाचे माझे निम्मे पैसे अजून यायचे आहेत. ठरलं होतं की डिजिटल हक्क विकले गेले की उरलेले. असं ठरवूनच अर्धं युनिट काम करतं, कारण नाहीतर मराठी चित्रपट बनणारच नाहीत. चित्रपट लागला आणि पहिल्याच आठवड्यात टेलिग्रामवर आला. त्यानंतर हक्क घेणाऱ्यांचं एकच पालुपद, "तो तर बाहेर आलाय." आधी भाव पाडला, मग फोन उचलणं बंद केलं. माझ्या साउंड मिक्सरचा हप्ता थकला. दोन वायरलेस माइक विकावे लागले, आता ते दुसऱ्याकडून भाड्यानं घेऊन काम करतो. बूम धरणारा मुलगा गावाकडे लग्नाचे व्हिडिओ काढतोय. फार हुशार मुलगा होता. कपडा कुठे घासतोय, लेपल, म्हणजे कपड्यात लावायचा छोटा माइक, कुठे लपवायचा, हे त्याला न सांगता कळायचं. त्याला परत बोलवायला माझ्याकडे काही नाही.

आता त्या बसमधल्या बाईंकडे येतो, कारण चोरांइतकाच माझा राग या गोष्टीवर आहे. हिंदीचं निदान ठरलेलं असतं. मल्टिप्लेक्सच्या मोठ्या साखळ्या आठ आठवड्यांचं अंतर मागतात, मग चित्रपट ओटीटीवर येतो. दोन महिने थांबलं की घरी मिळेल हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. मराठी प्रेक्षकानं किती थांबायचं? दोन महिने, दोन वर्षं? चित्रपट आठवडाभर लागतो, तोही दुपारी साडेबाराला किंवा रात्री अकराला. पुढच्या शुक्रवारी उतरतो. ज्याच्या तालुक्यात थिएटरच उरलेलं नाही, जो आजारी आहे, म्हातारा आहे, ज्याला शुक्रवार ते गुरुवार सुट्टी मिळाली नाही, त्याच्यासाठी तो चित्रपट संपला. मग कुणीतरी त्याला लिंक पाठवतं. त्या माणसाला मी चोर म्हणायला तयार नाही. चोर तो ज्यानं उतरवलं, आणि ज्यानं बसमध्ये लावून धंदा केला. बघणाऱ्यापुढे दुसरं दुकानच उघडं नव्हतं.

दुकान उघडं असलं की लोक पैसे देतात, हे या देशानं पाहिलेलं आहे. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीनं २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी बाजारात आणली. फुटपाथवरच्या चोरीच्या डिस्कच्या आसपासचा भाव, पण चित्र स्वच्छ आणि आवाज पूर्ण. किराणा दुकानाच्या काउंटरवरसुद्धा त्या डिस्क टांगलेल्या असायच्या आणि माणसं साखर-चहापत्तीबरोबर चित्रपट घरी न्यायची. पुढे ती कंपनी दिवाळखोरीत गेली, प्लेअर भंगारात गेले, आणि त्या काउंटरच्या जागी लहान मराठी चित्रपटांसाठी काहीच आलं नाही.

केरळकडे पाहा. मार्च २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं सीस्पेस नावाचा स्वतःचा ओटीटी काढला. सुरुवातीलाच दर ठेवला, एका चित्रपटाला ७५ रुपये. बघाल त्याचेच पैसे. ज्या राज्यात दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली चित्रपट काढला, ज्या राज्यात सरकारी चित्रनगरी आहे आणि चित्रपटासाठी वेगळं महामंडळ आहे, त्याला हे का सुचू नये? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. किती भाषणं झाली तेव्हा! त्या अभिजात भाषेतला याच दशकातला चित्रपट बघायला माणसाला टेलिग्रामच्या चोरवाटेनं जावं लागतं, ही लाज कुणाची?

२०१५ साली मल्टिप्लेक्समध्ये मराठीला मोक्याच्या वेळा द्यायचा निर्णय झाला. मला तेव्हा खरंच आनंद झाला होता, आम्ही स्टुडिओत पेढे वाटले होते. आज कुठल्याही मल्टिप्लेक्सचं वेळापत्रक उघडून बघा. घोषणा करायची, फोटो काढायचा आणि पुढे कुणी विचारायचं नाही, ही या राज्यात प्रत्येक खात्याची रीत झालीय. रस्त्याचं तेच, शाळेचं तेच. शंभरावरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी मात्र एकाही खेळाला चुकत नाही. वसुलीची यंत्रणा खेड्यापर्यंत पोहोचते आणि चित्रपट पोहोचत नाही, तक्रारीचा कागद तर ठाण्याच्या टेबलापलीकडेही जात नाही.

मी मागतोय ते अवघड नाही. अनुदान हा जनतेचा पैसा आहे. आमच्या चित्रपटालाही 'ब' दर्जाचं, म्हणजे ३० लाखांचं, अनुदान मंजूर झालंय. मग त्या अनुदानाला अट घाला. थिएटरातून उतरल्यावर ठरलेल्या दिवसांत, नव्वद म्हणा, शंभर म्हणा, तो चित्रपट महाराष्ट्रातल्या कुठल्याही माणसाला वाजवी पैशांत घरी बघता आला पाहिजे. खासगी ओटीटीनं घेतला तर उत्तम. नाही घेतला तर सरकारनं स्वतःच्या जागेवर दाखवावा आणि आलेले पैसे निर्मात्याला, त्यातून युनिटला द्यावेत. ती तारीख पोस्टरवर छापली जावी. लोकांना तारीख कळली की ते थांबतात. आणि तक्रार चित्रपटाच्या नावांमध्ये ज्याचं नाव आहे त्या कुणाचीही, कुठल्याही ठाण्यात, घेतली जावी. तसं परिपत्रक गृहखात्याकडून काढून घ्यायला तुम्हाला दिल्लीला जावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यानं मला खरोखर झोप लागत नाही. आमच्या चित्रपटाची पूर्ण मिक्स केलेली प्रत आज निर्मात्याच्या कपाटात एका हार्ड डिस्कवर आहे. दुसरी एक लॅबमध्ये आहे, जिचं बिल थकलंय. हार्ड डिस्क नुसती पडून राहिली तरी बिघडतात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे जुन्या, चटकन पेटणाऱ्या फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात प्रभात फिल्म कंपनीच्या फिल्म गेल्या. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाची चारांपैकी पहिली आणि शेवटची, एवढीच रिळं आज उरली आहेत. जुन्या चित्रपटांसाठी केंद्रानं २०२२ साली ३६३ कोटी जाहीर केले, सुमारे २,२०० चित्रपट दुरुस्त करायचे म्हणून. चांगलं केलं. पण आज बनणारे चित्रपट डोळ्यांदेखत हरवताहेत. उद्या या दोन्ही प्रती गेल्या तर आमच्या चित्रपटाची जगात चोरीचीच प्रत उरेल, बसवाल्याच्या पेनड्राइव्हवर आहे तशी. पन्नास वर्षांनी कुणी मराठी चित्रपटाचा अभ्यास करायला बसला तर त्याला वाटेल, या लोकांना आवाज टिपता येत नव्हता. म्हणून अनुदानाच्या शेवटच्या हप्त्याआधी पूर्ण दर्जाची एक प्रत शासनाकडे जमा करून घ्या आणि ती नीट सांभाळा.

मला भेटीची वेळ नको, चहा नको, आश्वासनाचं पत्रही नको. अनुदानाचा पुढचा शासन निर्णय निघेल तेव्हा त्यात घरी बघण्याच्या तारखेची अट आणि प्रत जमा करण्याची अट आहे की नाही, तेवढं मी वाचणार आहे. नसेल, तर युनिटच्या नावांतली जेवढी माणसं गोळा करता येतील तेवढी घेऊन मी आपल्या दालनाबाहेर उभा राहीन.

आपला,
एक साउंड रेकॉर्डिस्ट